हिरव्या टोपणाची बाटली

मांजर शिंकत होतं, आणि त्याला घेऊन आलेला माणूस त्या मांजरापेक्षा जास्त घाबरला होता.

“डॉक्टर, राणीसाहेबांनी फळीवरून सेंटची बाटली पाडली. फुटली ती फुटली, निम्मी माझ्या अंगावर सांडली. तेव्हापासून ह्या नुसत्या शिंकताहेत!”

“राणीसाहेब?”

“आमच्या दुकानाच्या मालकीणबाई. अत्तरांचं दुकान आहे. मी आपला त्यांचा नोकर.”

डॉक्टरला हसू आलं. राणीसाहेबांनी त्याच्या जुन्या तपकिरी स्वेटरची बाही पंजांनी घट्ट धरून ठेवली होती. एकेक नख सोडवायला ती वाकली... आणि तशीच थांबली.

हा वास!

सोळा वर्षांची होती ती तेव्हा. ताईच्या कपाटातला सेंट चोरून लावायची आणि घराबाहेर पडताना तिला वाटायचं — आज काहीतरी घडणार. काय घडणार, ते ठाऊक नसायचं. पण छातीत नुसती फुलपाखरं. घडलं मात्र कधीच काही नाही. परीक्षा झाल्या, पदवी मिळाली, कुत्र्यामांजरांचा दवाखाना उघडला. वाट बघणारी ती मुलगी मधेच कुठेतरी राहून गेली. आताशा हातांना वास यायचा तो फक्त जंतुनाशकाचा.

“डॉक्टर...” तो हळूच म्हणाला, “तुम्ही मांजराऐवजी मला तपासताय.”

तिचे कान लाल झाले. “बाटलीचं टोपण हिरवं होतं का?”

“अय्या! म्हणजे... तुम्हाला कसं कळलं?” पुरुषाच्या तोंडून निसटलेल्या त्या ‘अय्या’ने आता त्याचे कान लाल झाले. “ती कंपनी बंद पडून जमाना झाला. दोनच बाटल्या होत्या माझ्याकडे. आता एक उरलीय. गुरुवारी संध्याकाळी या ना दुकानात.”

राणीसाहेबांना काहीही झालेलं नव्हतं. औषध म्हणून तिने मोकळी हवा सांगितली.

दुकान चिमुकलं होतं आणि भलतंच थंड. ऊन आणि ऊब दोन्हींनी अत्तर बिघडतं म्हणून खिडक्यांना जाड पडदे. एकच दिवा, आणि भिंतीवर बाटल्यांच्या रंगीत सावल्या. पाण्याच्या तळाशी उतरल्यासारखं वाटलं तिला. तो आज कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होता, केस चापूनचोपून बसवलेले. त्याने हिरवं टोपण उघडलं आणि तिच्या मनगटावर एक थेंब टेकवला.

“लगेच नाही हुंगायचं. त्याची अंगाशी ओळख व्हायला वेळ लागतो.”

“आणि तोवर?”

“तोवर आपण आपली ओळख करून घेऊ.”

बऱ्याच वेळाने तिने मनगट नाकाशी नेलं. डोळे मिटले. “हाच आहे... पण हा नाही. काहीतरी राहून गेलंय.”

त्याने ते फारच मनावर घेतलं. जुना माल आहे, उतरला असेल, म्हणाला. मी सुधारून बघतो. मग पुढचा गुरुवार आला, त्याच्या पुढचाही. कधी तो त्यात चंदन वाढवायचा, कधी लिंबाची साल. दरवेळी नवा थेंब, ती लांबलचक वाट बघणं, आणि त्या वाट बघण्यात भरपूर गप्पा.

“तुम्हाला थंडी वाजतेय,” ती म्हणायची.

“छे! मला कुठली थंडी?” तो म्हणायचा. दात मात्र वाजत असायचे.

बुधवारपासूनच ती आरशासमोर जास्त रेंगाळू लागली. हळूहळू तिच्या लक्षात आलं, आपल्याला तो वास सापडायला नकोय. सापडला, की गुरुवार संपले! तरी तो इतक्या आशेने बघायचा, की वास जुळला तरी ‘नाही’ असं खोटं बोलायची वेळ येऊ नये एवढंच ती मनात म्हणायची. ती वेळ आलीच नाही. वास खरंच जुळत नव्हता.

आणि एका गुरुवारी त्याने सगळ्या बाटल्यांना टोपणं लावून टाकली.

“हरलो मी, डॉक्टर. उगाच तुम्हाला खेपा पडताहेत. ही बाटली तुम्ही घेऊन जा... आता माझ्या हातात काही नाही.”

खेपा मला आवडतात, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. “बरं,” एवढंच ती म्हणाली. रस्ताभर बाटली पर्समध्ये किणकिणत होती आणि तिला सारखं रडू येत होतं.

घरी पोचल्यावर तिने ताईला फोन लावला. सगळं ऐकून ताई खो खो हसत सुटली.

“अगं बारके, तू मनगटाला लावलास कधी तो सेंट? आई हात हुंगून बघेल म्हणून शाळेच्या स्वेटरच्या बाहीला फासायचीस. लोकरीत मुरलेला वास तो! माझी अख्खी बाटली संपवलीस आणि आता विसरलीस होय?”

स्वेटर... तपकिरी स्वेटर!

सकाळी दवाखान्याऐवजी तिने थेट त्याचं दुकान गाठलं. तो दाढी न करता, हातात चहाचा कप घेऊन बसला होता. अंगात तोच स्वेटर, कोपरावर उसवलेला. तिला बघताच त्याने कप ठेवला आणि घाईघाईने स्वेटर डोक्यावरून ओढायला लागला. डोकं आतच अडकलं.

“थांबा! काढू नका!”

तिने तो खाली ओढला, बाही हातात घेतली आणि नाकाशी नेली. फुलपाखरं! सगळीच्या सगळी, एकदम.

“हाच,” ती म्हणाली.

“हा? अहो, हे जुनेर... म्हणून तर दर गुरुवारी...”

“दर गुरुवारी काय?”

“तुम्ही येणार म्हणून काढून लपवायचो. उसवलेल्या कोपराचा माणूस तुम्हाला कसा आवडेल?”

ती हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मी ज्याच्यासाठी यायचे, नेमकं तेच तुम्ही माझ्यासाठी काढून ठेवत होतात!”

तो मात्र हसला नाही. “म्हणजे सापडला तुमचा वास. आता तुम्ही कशाला याल...” त्याने पुन्हा स्वेटरला हात घातला. “घेऊन जा. तुमचाच आहे.”

तिने बाही सोडली नाही.

“नुसता स्वेटर माझ्याकडे तेव्हाही होता. वर्षभर घालून हिंडले, काही घडलं नाही. मला हा असाच हवाय... आत तू असलेला.”

त्याने तिचं मनगट धरलं आणि तिथे ओठ टेकवले, ज्या जागी इतके गुरुवार नुसते थेंब टेकवले होते.

राणीसाहेब दोघांच्या मधे येऊन बसल्या आणि जोरात शिंकल्या. डॉक्टरांनी तिकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.