कुलूपपेशी

अबोली घोडी कुरणात कोसळली त्याला तास झाला होता. प्रयोगशाळेत डॉ. वसुधा टिळेकर तिच्या रक्ताची नळी उजेडात धरून बघत होत्या. यंत्रात वेगाने फिरवलं की रक्ताचे दोन थर होतात, खाली तांबड्या पेशी आणि वर पिवळसर द्रव. या नळीत द्रव जेमतेम नखाएवढा उरला होता.

"गोचिडाचा ताप आहे का, डॉक्टरबाई?" दारातून हैबतीमामांनी विचारलं. ते या पागेचे मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. सर्पविषावरच्या लशीसाठी अबोलीने अकरा वर्षं रक्त दिलं होतं, आणि अकरा वर्षं मामा तिला कुरणाचं आमिष दाखवत आले होते. चार महिन्यांपूर्वी ती एकदाची निवृत्त झाली. आज मनसोक्त दौडली आणि मटकन खाली बसली.

"ताप कसा येईल?" टिळेकर जरा तुटकच बोलल्या. गोचीड चावला की परजीवी घोड्याच्या तांबड्या पेशीत शिरतो, आतच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. तीन वर्षांपूर्वी टिळेकरांनी या पागेतल्या घोड्यांच्या अस्थिमज्जेत, जिथे या पेशी तयार होतात तिथे, एका इंजेक्शनने बदल करून पेशीचा तो दरवाजाच बंद केला. या कुलूपपेशींचं मोठं कौतुक झालं. तीन महिन्यांपूर्वी बाहेरच्या दोन हजार घोड्यांनाही ते इंजेक्शन टोचलं गेलं होतं.

"म्हाताऱ्या पेशीला प्लीहा, म्हणजे पाणथरी, मोडीत काढते," त्या सावकाश म्हणाल्या. "ती म्हातारी झाली हे कळतं त्याच दरवाजावरून." त्यांनी नळी खाली ठेवली. "दार बंद, म्हणजे पेशी मोडीत निघतच नाहीत. प्लीहेत साठत राहतात. घोडा दौडला की प्लीहा आवळते आणि सगळा साठा एकदम रक्तात येतो. मग रक्त वाहत नाही, मामा."

"मग आपली बाकीची चाळीस कशी धडधाकट?"

टिळेकरांनी पागेची नोंदवही उघडली. उत्तर मामांनीच दिलं. "त्यांचं दर महिन्याला रक्त काढतो आपण. हिचं चार महिने काढलं नाही."

सगळ्या चाचण्या याच पागेत झाल्या होत्या. इतकी सोशिक जनावरं आणखी कुठे मिळाली असती?

आठ लिटर रक्त काढल्यावर अबोली दुपारी उठली. मामांनी डोळे पुसले. "आता कुरणातच राहील ना?"

"राहील. पण दर महिन्याला रक्त काढावं लागेल. मरेपर्यंत."

"ते कुलूप काढा की."

"मज्जेतला बदल उलटत नाही."

मामा बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "मी तिला शब्द दिला होता, बाई." टिळेकरांनी फोन उचलला. दोन हजार घोड्यांच्या मालकांपैकी आधी कोणाला सांगायचं, तेच त्यांना कळेना.

महिना झाला. तोवर बाहेरचे शंभरएक घोडे गेले होते. मामा अबोलीच्या तोंडाला बांधायची मोरखी घेऊन कुरणाकडे निघाले, पण ती बांधावी लागलीच नाही. रक्ताच्या बाटल्यांचा गाडा कुरकुरला, तशी अबोली आपणहून आली, रक्त काढायच्या जुन्या खांबापाशी उभी राहिली आणि तिने मान पुढे केली.