ताईचा नमुना

दुपारचा चहा झाला की धाकटी प्रयोगशाळेतल्या मोठ्या शीतपेटीतून नमुने बाहेर काढायची. आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींचे मोहरीएवढे तुकडे, करंगळीएवढ्या नळ्यांत गोठवलेले. त्यातला एक तिच्या ताईचा होता. शस्त्रक्रियेआधी ताईनेच परवानगी दिली होती. "पोटातून काढणारच आहेत, तर तुझ्या कामी येऊ दे," असं म्हणून ती हसली होती.

ते हसणं आठवलं की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ताई कितीतरी महिने सांगत होती, पोटात दुखतं, रक्त पडतं. डॉक्टर म्हणाले मूळव्याध. भाऊजी म्हणाले, "हिला कुरकुरायची सवयच आहे." सगळ्यांना पटलं तोवर गाठ यकृतापर्यंत पोचली होती. ताई गेली आणि तेच लोक डोळे पुसत आले.

धाकटीचं संशोधनही एका मुक्या झालेल्या जनुकावरच होतं. पेशीतल्या चुका दुरुस्त करण्याचं काम या जनुकाकडे असतं. त्याच्या तोंडाशी मिथाइल नावाच्या चिमुकल्या रासायनिक खुणा दाटल्या, की जनुक धडधाकट असूनही त्याची वाचा बसते. मग चुका साचतात आणि गाठ धरते. ताईच्या तुकड्यात पहिल्यांदा मोजलं तेव्हा खुणांची नुसती दाटी होती. जनुक ठार मुकं.

दुसऱ्या खेपेला खुणा विरळ झालेल्या दिसल्या.

गोठलेल्या, मेलेल्या पेशीतून खुणा आपोआप पुसल्या जात नाहीत. तिने रसायनं बदलली, यंत्र बदललं. बाकीचे नमुने जसेच्या तसे होते. ताईचा तेवढा दर खेपेला मोकळा होत चालला होता. आणि जनुकाला कंठ फुटला होता. जिवंत पेशीतच तयार होतात असे त्याचे ताजे संदेश मोजणीत वाढत होते.

ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेली.

"भेसळ," सर मान वर न करता म्हणाले.

"पुन्हा पुन्हा पाहिलंय, सर."

"मग तुझं मन थाऱ्यावर नाही. घरचं माणूस गेलंय, समजू शकतो मी. टाकून दे तो नमुना."

"मला काय दिसलं ते ऐकून तरी घ्या!"

"आवाज खाली."

तिचा आवाज खाली आला नाही. "ताईलाही असंच घरी धाडलं होतं. मूळव्याध म्हणे, कुरकुरायची सवय म्हणे! एकाने, फक्त एकाने तपासून पाहिलं असतं ना, तर ती आज असती. मी नाही टाकणार. टाकायचाच असेल तर तुम्ही टाका, स्वतःच्या हाताने!"

सर ताडकन उठले. तरातरा शीतपेटीपाशी गेले, जाड मोजे चढवले, झाकण उघडलं. गारठ्याचा पांढरा लोट बाहेर आला. त्यांनी नळ्यांची चौकट ओढून काढली.

सगळ्या नळ्यांवर हिम जमलं होतं. एकीवर नव्हतं.

सरांनी तीच उचलली आणि थबकले. एका हातातला मोजा काढून त्यांनी ती उघड्या बोटांत धरली.

"ही बाहेर कुणी ठेवली होती?"

"कुणीच नाही. तुम्हीच काढलीत आत्ता, माझ्यासमोर."

कचऱ्याचा डबा त्यांच्या पायाशीच होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काय सांगत होतीस मघाशी?" त्यांनी हळूच विचारलं.

धाकटीने हात पुढे केला. सरांनी नळी तिच्या तळव्यावर ठेवली.

नळी कोमट होती.

तिने ती उजेडात धरली. आतल्या बाजूने वाफ धरली होती, थंडीत खिडकीच्या काचेशी तोंड नेल्यावर धरते तशी.

वाफ विरली.

मग पुन्हा धरली.