आरसाबाई मागे घेत नाहीत

अरुंद गल्ली, सकाळची वेळ, आणि दोन गाड्या समोरासमोर. एक तिची, जुनी, दुसऱ्या कुणीतरी वापरून विकलेली ऑटोमॅटिक. दुसरी त्याची व्हॅन, मागे रोपांनी खच्चून भरलेली. कुणीतरी एकाने मागे घ्यायलाच हवं होतं. तिच्या मागे लगेच शिंप्याच्या दुकानापाशी रुंद जागा होती. त्याच्या मागे मात्र अख्खी गल्ली.

त्याने काचेतून हात जोडून खूण केली – जरा मागे घेता का?

तिने नाक वर केलं आणि ढिम्म बसून राहिली.

बिचारा काय करणार! मान वाकडी करकरून त्याने व्हॅन मागे नेली. एक सायकल आडवी केली, कुणाची तरी पाण्याची बादली लवंडली, दोनदा व्हॅन भिंतीला घासली. शेवटी गल्लीच्या तोंडाशी ती त्याच्या शेजारून निघाली, तेव्हा ओल्या मातीचा वास काचेतून आत आला... आणि तो हसला. चिडला असता, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. हसला, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण तिच्या गाडीला रिव्हर्सच नव्हता.

आता गाडी म्हटली की बिघडायचीच, त्यात एवढं लाजायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ही बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची हो! "मागे घेताना आरसा कोण बघणार? तुमचे आजोबा?" असं ओरडून ओरडून तिचं नावच आरसाबाई पडलं होतं. दिवसभर शिकाऊ लोकांबरोबर क्लच दाबून डावा पाय भरून यायचा, म्हणून तिने हौसेने ही क्लच नसलेली गाडी घेतली. "पांढरा हत्ती दारात बांधतेयस," दादा म्हणाला होता. "तू गप रे, गाड्यांमधलं मला कळतं," असं तिने त्याला झटकलं होतं.

मग केला तिने पराक्रम. स्कूलच्या गाडीत तेल तपासायची पट्टी एकच. हिच्या गाडीत दोन – एक इंजिनची, दुसरी गिअरबॉक्सची. सवयीचा हात, समोर दिसली ती पट्टी बाईंनी ओढली, तेल कमी वाटलं, आणि त्याच नळीत घडाघडा इंजिन ऑइल ओतलं. ती नळी गिअरबॉक्सची होती. थोड्याच दिवसांत गाडी पुढे जाताना आचके द्यायला लागली, आणि मागे जायचं तर तिने सोडूनच दिलं. रिव्हर्सला टाकलं की इंजिन नुसतं बोंबलायचं. गाडी जागची हलायची नाही.

गॅरेजमध्ये न्यावी, तर मेकॅनिककाका स्कूलच्याच गाड्या बघणारे. आज त्यांना कळलं की उद्या सगळ्यांना कळणार. नुसत्या विचाराने तिचे कान तापायचे. म्हणून ती जिथून सरळ पुढे निघता येईल तिथेच गाडी लावायची, मग कितीही चालावं लागो. नाकाने कांदे सोलणारी म्हणाले तरी चालेल, पण खरं कळायला नको!

रोपवाला मात्र रोज समोर यायचा, रोज हात जोडायचा, रोज मागे जायचा. आणि एक दिवस चक्क स्कूलमध्ये तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, गाडी येते मला. फक्त रिव्हर्स शिकायचाय."

"रिव्हर्सच का?" तिने विचारलं.

"आमच्या गल्लीत एक बाई आहेत," तो अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाला. "त्या मागे घेतच नाहीत. रोज मलाच घ्यावी लागते. म्हटलं, निदान नीट तरी घ्यावी."

"...फारच उद्धट दिसतायत."

"छे! मला तर आवडतात."

ती फाईल शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

शिकवणी सुरू झाली. "मान पूर्ण वळवा. डावा हात माझ्या सीटच्या पाठीवर ठेवा, म्हणजे मागचं नीट दिसेल." हे वाक्य तिने आजवर कितीजणांना सांगितलं असेल. पण त्याचा हात तिच्या खांद्यामागे आला, बाहीला अडकलेलं मोगऱ्याचं पान तिच्या कानाशी हललं, आणि पुढचं वाक्यच तिला आठवेना.

"मॅडम, आता?"

"आता... आरसा बघा."

"बघतोय. त्यात तुम्ही दिसताय."

"मला नका बघू, खांब बघा!"

असं हसत-खेळत तो शिकला. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. माणूस आपल्यापायी रिव्हर्स शिकतोय आणि आपण साळसूदपणे शिकवतोय! सांगून टाकावं, असं रोज ठरवायची. रोज जीभ उचलायची नाही.

शेवटच्या दिवशी त्याने गाडी खांबांच्या मधोमध अशी अलगद मागे नेली की तिला टाळीच वाजवावीशी वाटली. इंजिन बंद करून तो स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"एक विचारायचंय. तोंडाने उत्तर नका देऊ, मला ऐकवणार नाही," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न कराल? उद्या सकाळी गल्लीत येतोच आपण समोरासमोर. मनात असेल, तर एकदाच... तुम्ही मागे घ्या. नसेल, तर मी मागे घेतो. आता नीट येतं मला. पुन्हा कधी विचारणार नाही."

हो म्हणायचं होतं हो तिला! ओठांवर आलं होतं. पण त्याआधी गाडीचं सांगायला हवं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

त्याच संध्याकाळी मान खाली घालून तिने गाडी मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी पट्टी ओढून बोटाने तेल चोळलं.

"यात इंजिन ऑइल कुणी ओतलं?"

"आधीच्या मालकाने... बहुतेक," ती म्हणाली, आणि तिची तिलाच किळस आली.

काकांनी ते तेल काढून योग्य ते भरलं. रिव्हर्सला टाकल्यावर गाडी एकदा, अगदी हातभर, मागे सरकली. "आत्ता धरलाय. पण आतल्या प्लेटा जळल्यात, भरवसा नाही," काका म्हणाले. तिने ऐकलं फक्त पहिलं वाक्य.

सकाळी कोवळं ऊन गल्लीत तिरपं उतरलं होतं. समोर व्हॅन, काचेआड तो, नवा शर्ट घातलेला. आज त्याने हात जोडले नाहीत. नुसता बघत राहिला.

तिने रिव्हर्स टाकला. हळूच पाय दाबला. इंजिन बोंबललं. गाडी हलली नाही. आणखी दाबला... नाही. चल ना गं बाई, आजच्या दिवस चल!

तिकडे त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग मान खाली घातली, पूर्ण वळवली, रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवला, आणि व्हॅन मागे जाऊ लागली. सरळ, सुरेख, कुठेही न घासता. जशी तिने शिकवली होती, अगदी तशी.



तिने गाडी न्यूट्रलला टाकली, दार उघडलं, धावत पुढे आली आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकवून जीव खाऊन ढकलायला लागली. चप्पल निसटली, ओढणी रस्त्यावर लोळायला लागली. वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या.

"अहो बाई, बंद पडली का?" दुकानाच्या पायरीवरून शिंपीकाका ओरडले.

"नाही काका!" ती तितक्याच जोरात ओरडली. "मागे घेतेय!"

व्हॅन थांबली. तो उतरून पळत आला.

"अहो, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, मागे घ्या!" तिचा आवाज फाटला. "हिला रिव्हर्स नाहीये. आपण समोरासमोर आलो त्या पहिल्या दिवसापासून नव्हता. गिअरबॉक्सच्या नळीत इंजिन ऑइल ओतलंय. मी ओतलं, मी! आधीच्या मालकाने नाही. दुसऱ्यांना आरसे दाखवत फिरते, आणि स्वतःच्या गाडीची पट्टी ओळखता आली नाही. तुम्ही रोज मागे जात होतात, आणि मी नाक वर करून बसत होते... लाज वाटायची म्हणून. आता हसा काय हसायचं ते."

तो हसला नाही. तिची निसटलेली चप्पल उचलून त्याने तिच्या पायाशी ठेवली आणि तिच्या शेजारी बॉनेटवर हात टेकवले.

"म्हणजे हो ना?" त्याने हळूच विचारलं.

"एवढी गाडी हाताने मागे रेटतेय. अजून काय स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ?"

आता मात्र तो हसला. तीही हसली, डोळे पुसत, अख्ख्या गल्लीदेखत. दोघांनी मिळून जोर लावला. शिंपीकाका पायरीवरून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते, पण बघत होते या दोघांकडेच. आणि आरसा कुणीच न बघितल्यामुळे आरसाबाईंची गाडी काकांच्या दुकानाच्या पाटीवर जाऊन धाडकन आदळली.