समोरची कड

नाणेवालीचं भिंग पडलं ते नेमकं चष्मेवाल्याच्या पायाखाली. तो दुकानाचं शटर वर करत होता, ती लगबगीने शेजारून चालली होती, आणि पिशवीतून निसटलेलं भिंग... करकन वाजलं.

“चुकलं माझं. बघून पाय टाकायला हवा होता,” तो म्हणाला.

“चष्म्याचं दुकान असून बघत नाही तुम्ही?”

“दुसऱ्यांना दिसावं म्हणून बसतो मी इथं. मला दिसायलाच हवं असं थोडंच आहे?”

ती हसली नाही. म्हणजे, हसायचं नाही असं ठरवून तिने ओठ घट्ट मिटले—आणि ते त्याला बरोबर दिसलं.

संध्याकाळी भिंगाला नवी काच बसवून स्वारी तिच्या काकांच्या दुकानात हजर. दुकान जुन्या नाण्यांचं. टांकसाळीतच चुकून निघालेलं नाणं कोणतं आणि नंतर कुणी ठोकून, कापून बिघडवलेलं कोणतं, हे ओळखायचं काम काकांनी पुतणीवर सोपवलं होतं. पहिल्यासाठी हौशी लोक जीव टाकतात, दुसऱ्याला कुणी हिंग लावून विचारत नाही.

“आता आलोच आहे तर...” त्याने खिशातून एक नाणं काढलं. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब होता. “आजोबांचं आहे. ते म्हणतात, टांकसाळीतूनच असं आलं. घरात सगळे त्यांना हसतात.”

तिने काकांच्या शिस्तीप्रमाणे आधी फोटो काढले, मग भिंग डोळ्याला लावलं. तुटक्या जागी कानशीचे ओरखडे स्वच्छ दिसत होते. “कानस मारलीय. कुणीतरी कापलेलं आहे,” तिने चुटकीसरशी निकाल देऊन टाकला.

भिंग नीट चाललंय ना, हे विचारायला तो दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच येऊ लागला. भिंगाची चौकशी लगेच उरकायची, चहा मात्र संपता संपत नसे. काका तेवढ्या वेळात मागच्या खोलीत जाऊन नाण्यांची पाकिटं आवरत. ती पाकिटं इतकी आवरलेली कधीच नव्हती.

“आजोबांनी ते नाणं कपाटात टाकलं,” एकदा तो बोलता बोलता म्हणाला. “आता आईने चिडवलं तरी गप्प बसतात.”

काही दिवसांनी तसंच कड तुटलेलं दुसरं नाणं दुकानात आलं. तिने ते सवयीने फिरवलं आणि तुटक्या जागेच्या समोरची कड पाहिली. नाण्यावर छाप पडण्याआधी कोऱ्या चकतीची कड यंत्रात दाबून उंच करतात. चकतीचा तुकडा आधीच गेलेला असेल, तर तिथे दाब बसत नाही आणि बरोबर समोरची कडही पुसट राहते. कितीही कानस मारा, हे नंतर करता येत नाही. तिला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मग त्या दिवशी...?

तिने मोबाईलमधला जुना फोटो मोठा करून पाहिला. समोरची कड पुसट होती. आजोबांचं नाणं टांकसाळीतूनच तसं आलं होतं.

गप्प राहिलं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. सांगितलं तर रोजचा चहा जाणार, आणि चहाबरोबर तो. तिला तो हवा होता, फार हवा होता. पण एक म्हातारा माणूस खरं बोलून खोटा ठरला होता, तोही तिच्या तोंडून.

ती उठली आणि थेट चष्म्याच्या दुकानात गेली. “मला तुमच्या घरी यायचंय. आजोबांना भेटायला.”

“आजोबांना? इतक्यात?” तो कानापर्यंत लाल झाला. मग तिने खरं कारण सांगितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्ही नीट पाहिलंच नव्हतं?”

“नाही.”

त्याने शटर खाली ओढलं आणि तिच्या पुढे चालू लागला.

आजोबा खिडकीशी बसले होते. “आजोबा, तुमचं नाणं अस्सल आहे,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “चूक माझी झाली. कानशीचे ओरखडे दिसले आणि मी पुढे बघितलंच नाही.”

“कानस मीच मारली. धारेने खिसा फाटायचा, आणि खिसा शिवताना ही मला शिव्या घालायची,” आजोबा भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे बघत म्हणाले. “विचारलं असतंस तर सांगितलं असतं की.” मग त्यांनी मान ताठ केली. “आता पुन्हा एकदा बोल. जरा मोठ्याने. सूनबाई स्वयंपाकघरात आहे.”

तिने मोठ्याने सांगितलं. आतून हसू ऐकू आलं, आणि आजोबा कपाटाची किल्ली शोधायला उठले.

तो तिला सोडायला जिन्यापर्यंत आला. “एक विचारू? रोज इतकी नाणी बघता. आमचंच कसं चुकलं?”

“उजेड कमी होता, असं म्हणता येईल...” ती कठड्याकडे बघत म्हणाली. “पण तसं नव्हतं. तुम्ही समोर उभे होता. नाणं फिरवून बघायचं मला सुचलंच नाही. तुम्ही... आवडलात मला. त्याच दिवशी.”

एवढं बोलून ती एक पायरी उतरली.

“थांबा ना,” तो घाईने म्हणाला. “मी तर रोज समोर येऊन बसतो. बाकीच्या नाण्यांचं काय होत असेल?”

“काका हल्ली सगळी नाणी सकाळीच तपासून घेतात माझ्याकडून.”

त्याला हसू आवरेना. “म्हणजे संध्याकाळ मोकळी?”

“कधीची,” ती म्हणाली, आणि उतरलेली पायरी पुन्हा चढली.