वरून फिरवलेली खळ

ठिणगी नाहीसा झाला तर कुणाच्या पदरात काय पडणार, याची मांडणी सिस्टरनं दारात उभ्या उभ्याच केली. घाबरली की तिचं डोकं असंच चालायचं. बेरीज चुकत नसे.

कारखान्याच्या मालकाचा फायदा होता. कामगारांच्या मोठ्या पक्षाचाही होता. दुसरी पाळी बंद करायला पक्षाच्या उमेदवारानं मालकाला आतून होकार दिला होता, आणि मालकाच्या फाटकाला वेल्डिंग करताना ठिणगीनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आज संध्याकाळी पक्षाच्या शाखेच्या सभेत उभा राहून तो ते सांगणार होता. तोटा मात्र तिचा एकटीचा. ठिणगी तिचा धाकटा भाऊ.

इस्पितळातली रात्रपाळी संपवून ती त्याच्या खोलीवर आली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. दारावर हातानं रंगवलेला कागद: 'फूट पाडणाऱ्याचे हात राहणार नाहीत.' आत अंथरूण घातलेलं नव्हतं. चपला नव्हत्या. काही सांडलेलं, मोडलेलंही नव्हतं. आणि फ्रिजच्या दारात इन्सुलिनची बाटली जिथल्या तिथे.

पोरगा लहानपणापासून सुईवर जगणारा. काल दुपारी तिनंच रिकामी केलेल्या टोपलीत एकही वापरलेली सुई नव्हती. म्हणजे रात्रीची चुकली आणि सकाळचीही. संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर त्याचे हात तोडायला कुणाला यायची गरजच उरणार नव्हती.

चौकीतल्या हवालदारानं जांभई दिली. "तरणाताठा गडी आहे, येईल. आणि बाई, निवडणूक आहे. पक्षाच्या भानगडीत आम्हाला ओढू नका."

ती परत खोलीवर आली. बाटली बर्फाच्या डब्यात घातली आणि दारावरचा कागद नीट पाहिला. कडेला नख घातलं, ते शिरेना. कागद विचित्र लावला होता. दारावर आधीपासून पक्षाच्या उमेदवाराचा छापील फोटो होता, तसा तो गल्लीतल्या प्रत्येक दारावर होता. नवा कागद त्याच्या शेजारी कोंबून, पार चौकटीवर मुडपून चिकटवलेला. फोटोला कोपराही लागलेला नव्हता. खळीचा एक ओघळ उमेदवाराच्या हनुवटीकडे निघाला होता. तो कुणीतरी फडक्यानं पुसून घेतला होता.

सिस्टर बराच वेळ त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिली. मग छापखान्याकडे निघाली. चालता चालता पळू लागली.

छापखान्याच्या मागच्या खोलीत ठिणगीच्या गटाची बैठक भरे. गट कसला, चार टाळकी. वर्षानुवर्षं मोठ्या पक्षात राहून पक्षाशी भांडणारी. म्हणजे भाडेकरूनं घर न सोडता घरमालकाच्या नावानं बोंब मारावी तसं. आता वाद पेटला होता तो यावरच, की राहायचं का निघायचं.

बाकीचे तिघं जमलेच होते. टेबलभर उमेदवाराचे छापील चेहरे वाळत पडलेले. छापखान्याचा मालक खिळेकाका पक्षाचे कागदही छापी आणि पक्षाविरुद्धची पत्रकंही.

"पक्षाच्या गुंडांचं काम," म्हणत त्यानं शाईचा डबा धपकन उमेदवाराच्या नाकावर ठेवला. "छापतो मी यांचं, पण थुंकतोही यांच्यावर."

"पक्षाची पोरं खळ वापरतात?" सिस्टरनं विचारलं.

"ती? ती चिकटपट्टी मारतात. निम्मे कागद वाऱ्यावर जातात."

"दारावरच्या कागदाला मागून खळ आहे आणि वरूनही फिरवलेली आहे. नखानं निघत नाही. ही तुमच्या गटाची पद्धत, काका. ती खळ शिजवताना माझी दोन पातेली करपलीत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा काढून घेतल्या.

"म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी," कंडक्टरबाई हळूच म्हणाली. ती बसवर तिकिटं फाडायची आणि पक्ष सोडायच्या सक्त विरोधात होती. "बघा माझ्याकडे, बघा. गेल्या बैठकीत मीच त्याला नादान म्हटलं. पक्ष आई आहे. आई चुकली म्हणून कुणी घर जाळतं का?" बोलता बोलता तिनं एक छापील चेहरा उचलला, त्याची घडी तळव्यानं सरळ केली आणि परत ठेवला.

"काल संध्याकाळी तुम्ही हाक मारली असती तर तो आला असता?"

"माझ्या हाकेला? अहो, मी ड्यूटीवर असले तर तो बस सोडून देतो. मागच्या गाडीची वाट बघतो."

"आणि काकांनी बोलावलं असतं तर?"

"धावत," खिळेकाका म्हणाला. मग स्वतःच दचकला. "पण मी बोलावलं नाही हो."

तिसरे मास्तर. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. गट त्यांनीच उभा केलेला. भावाबहिणीला दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं.

"धीर धर, पोरी. मी पहिल्यापासून सांगतोय, हा पक्ष मुळातून सडलाय. बाहेर पडा, बाहेर पडा." ते चहाचा ग्लास टेकवणार तोच खाली उमेदवाराचा चेहरा आला. त्यांनी ग्लास वरच थांबवला, कागद बोटानं अलगद सरकवला आणि ग्लास उघड्या लाकडावर ठेवला. "यांचं तोंडही बघू नये."

सिस्टरनं खोलीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. आवाज वॉर्डातल्यासारखा कोरडा निघाला.

"मास्तर, माझा भाऊ कुठंय?"

"मला काय विचारतेस?"

"सांगते. सुई घरी ठेवून तो गेला, म्हणजे तासाभरात परत यायचं होतं. खोलीत झटापट नाही, म्हणजे ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकावा अशा माणसाबरोबर गेला. तो भरवसा कंडक्टरबाईंवर नाही. काकांवर आहे आणि तुमच्यावर आहे."

"मग काकालाच विचार."

"काकांनी तो कागद थेट उमेदवाराच्या थोबाडावर चिकटवला असता. आत्ताच शाईचा डबा कुठं ठेवला बघा. दारावर कागद लावणाऱ्यानं उमेदवाराला धक्का लागू दिला नाही. ओघळ आला तोही पुसला. अशी माया बाईंना असेल, पण त्यांच्यामागं तो गेला नसता. आणि दुसरं कोण? तोंडानं शिव्या देऊन ज्याचा हात त्या चेहऱ्यावर ग्लास ठेवायला धजत नाही, तो."

सगळ्यांची नजर ग्लासाकडे गेली.

"काय कबूल केलंय त्यांनी?" खिळेकाकानं विचारलं. "मास्तर, तिकीट?"

मास्तरांनी चष्मा काढला. "पुढच्या खेपेला. नगरपालिकेचं. आत शिरल्याशिवाय काही बदलत नाही रे. एका माणसानं एक सभा चुकवली तर कुठं आभाळ कोसळतं? मी त्याला म्हटलं, गुंड येताहेत, तासभर लप. मग बाहेरून कुलूप घातलं. कागद नंतर लावला, तुम्ही दुसरीकडे शोधावं म्हणून."

"सुईचं काही म्हणाला तो?"

मास्तर चष्मा पुसू लागले.

"म्हणाला का?"

"म्हणाला. ताईला सांगा म्हणाला. तुला सांगितलं असतं तर सगळंच... मला वाटलं, एका रात्रीनं काय होतं."

"विज्ञान शिकवत होतात ना तुम्ही?"

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. बंद पडलेल्या शाळेची, प्रयोगशाळेमागच्या कोठीची.

कुलूप उघडलं तेव्हा ठिणगी बाकाखाली पडला होता. श्वास खोल आणि भराभर चाललेला, तोंडाला सडक्या फळाचा वास. हाकेला ओ नाही. सिस्टरनं सुई भरली. ती टोचली आणि लगेच त्याला इस्पितळात हलवलं.

शाखेच्या सभेच्या वेळी ती इस्पितळात होती. नंतर कळलं ते असं. सभेत ठिणगीचं म्हणणं कंडक्टरबाईनं मांडलं. पक्षाला आई म्हणणारीच उठली. तिला आरडाओरडा करून खाली बसवलं आणि आठवड्यात पक्षातून काढलं. उमेदवार निवडून आला. त्याच्या विजयाचे कागद खिळेकाकानं छापले. पोट काय मतं बघून भरत नाही. दुसरी पाळी बंद पडली. मास्तरांना चौकीत बसवलं, आणि काम झालेल्या माणसाचं तिकीट पक्ष सोयीस्करपणे विसरला.

पण त्यातलं बरंचसं पुढचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी ठिणगीनं डोळे उघडले. ओठ कोरडे, आवाज जेमतेम.

"ताई, मास्तर बरे आहेत ना? माझ्यापायी त्या लोकांनी त्यांना काही केलं नाही ना?"

सिस्टरनं सुईच्या जागी कापूस दाबून धरला. तोट्यातला आपापला वाटा प्रत्येकजण भरणार होता. सगळ्यात मोठा, मास्तरांवरच्या भरवशाचा, या पोराच्या नावावर होता.

ती खाटेवर टेकली आणि सांगायला लागली.