रिकाम्या पिंजऱ्यांतला खोकला

मोबाइल ठेव खाली. आणि तू, दात काढू नकोस. मग पाणी प्यायला एकट्याने उठायची हिंमत होणार नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय. गेल्या डिसेंबरातला पहिला शनिवार, जेवणं उरकल्यावर.

साडू तिकडे परदेशात मिंकच्या फार्मवर कामाला. मिंक म्हणजे मुंगसासारखा लांबट प्राणी, फरसाठी पाळतात. खाद्य वाढायचा पत्र्याचा डाव साडू जाळीवर टक-टक वाजवायचा, की सगळी तोंडं पुढे. म्हणायचा, "बायको हाकेला ओ देत नाही, ही देतात."

कोरोनाच्या काळात एकदा याच्या अंगात कणकण होती. तरी कामावर गेला. सुट्टी घेतली तर यांना खायला कोण घालणार? थोड्याच दिवसांत जनावरं खोकायला लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडून यांना कोरोना झालाय. यांच्यात त्याने रूप बदललंय. आता तोच परत माणसात येऊ शकतो."

आला. याच्यामागोमाग घरी आला आणि आईला घेऊन गेला. मग सगळी जनावरं मारली, शेड धुऊन बंद केल्या. साडू नुसता बघत राहिला. करणार काय बिचारा? पुढे तिथेच राखणीला राहिला.

तर त्या रात्री मालकाचा फोन. "शेवटच्या शेडचं दार आपटतंय म्हणे. जरा कडी घालून ये."

हा टॉर्च घेऊन गेला. आत डोकावला. जुना डाव खिळ्याला तसाच. हाताची सवय हो... काढला, जाळीवर वाजवला. टक-टक.

पार टोकाला काहीतरी खोकलं.

बारीक. कोरडं.

मग अलीकडच्या पिंजऱ्यात. मग त्याच्याही अलीकडे...

टॉर्च मारला. पिंजरे रिकामे.

खोकला येतच होता. जवळ. अजून जवळ...

मग थांबला. आणि गालाला ऊब लागली. श्वासाची.

डाव तिथेच टाकून पळाला. पण घराच्या दाराशी पाय अडले. आत लहानगी पोरगी झोपलेली. एकदा त्याने घरात नेलं होतं, आता परत? कपडे अंगणातच फेकले, थंडगार पाण्याने अंग घासलं. बायकोला बाहेरूनच ओरडून सांगितलं, "आतून कडी लाव. मी म्हटलं तरी उघडू नकोस." रात्रभर गाडीत बसून दारावर नजर. दार हललंसुद्धा नाही.

उजाडलं. हा खिडकीजवळ गेला. पोरगी बंद काचेमागे आली. डोळे चोळत.

"बाबा, रात्री तू माझ्या उशाशी टक-टक केलंस ना? मी लगेच तोंड पुढे केलं."



तिच्या मागे बायको उभी. पोरीच्या उशाशी सापडलेलं काहीतरी तिने काचेजवळ धरलं...

तोच डाव. लाळेने ओला.