कंपास सरांचा बदली तास

शाळेचं वेळापत्रक करणाऱ्या माणसाला मित्र नसतात. भूगोलाच्या बाईंना एकोणीस वर्षांत हे पुरतं कळून चुकलं होतं. कुणाला पहिला तास नको, कुणाला जेवणानंतरचा नको, आणि शेवटचा तर कुणालाच नको. त्यातून कुणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर दुसऱ्याला पाठवायचं कामही बाईंचंच. रोज सकाळी त्या चिठ्ठ्या लिहायच्या: वर्ग, तास, शिक्षकाचं नाव. गेल्याच वर्षी आलेले शिपाईमामा त्या वाटत फिरायचे. शिक्षक जागेवर सापडला नाही, की चिठ्ठी सरळ वर्गाच्या दाराला टोचून मोकळे व्हायचे.

त्या दिवशी चौघं प्रशिक्षणाला गेले होते. बाईंनी एका हातात चहाचा कप धरून भराभर चिठ्ठ्या खरडल्या. एकीवर लिहिलं, ‘दहावी क, पाचवा तास, कंपास सर.’

चूक लक्षात आली तेव्हा पाचवा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती, आणि कंपास सरांना जाऊन तीन वर्षं.

ते गणित शिकवायचे. फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास खांद्यावर टाकून शाळाभर फिरायचे, म्हणून हे नाव. कुणीच मोकळं नसलं की बाई डोळे झाकून त्यांचं नाव लिहीत, कारण ते कधी नाही म्हणत नसत. स्वतःहून त्यांनी एकदाच काहीतरी मागितलं होतं. “बाई, दहावी क चा वर्तुळाचा धडा राहिलाय. अजून एक तास हवा.”

बाई तडकल्या होत्या. “तास काय झाडाला लागतात, सर?”

तो शुक्रवार होता. सोमवारी सर आलेच नाहीत. त्यांची जागा भरायला तेव्हापासून वरून कुणी आलं नव्हतं. उरलेले शिक्षक जमेल तसं गणित ओढत होते, आणि वर्तुळाचा धडा याही वर्षी राहिला होता. परीक्षा बारा दिवसांवर आली होती. एवढ्या मुलांचं नुकसान आणि वर सरांना तोडून बोललेले ते शब्द, हे आठवलं की बाईंना घास गोड लागत नसे.

स्वतःला दोष देत त्या जिना चढल्या. शिक्षक नाही म्हटल्यावर दहावी क ने शाळा डोक्यावर घेतली असणार. पण वर पोचल्या आणि पावलं आपोआप हळू पडू लागली. आवाज नव्हता. कोरड्या खडूचा वास तेवढा येत होता, आणि मधूनच टक... टक... खडू फळ्यावर टेकल्यासारखं.

बाईंनी बाजूच्या खिडकीतून पाहिलं. बेचाळीस मुलं ताठ बसली होती. सगळ्यांच्या माना एकदम डावीकडून उजवीकडे वळल्या, कुणी फळ्यापासून दारापर्यंत चालत यावं तशा. फळ्यापुढच्या जागेत कुणीही नव्हतं. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

“स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते, सर. आणि मग पुढे निघून जाते.”

ती खाली बसली, शाबासकी मिळाल्यासारखी लाजत. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी पळावंसं वाटलं नाही. देवळात उभं राहावं तशा त्या घंटा होईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

तास सुटल्यावर त्यांनी मुलीला गाठलं. “कोण... कोण होतं गं तासाला?”

“तुम्हीच पाठवलंत ना, बाई?” ती म्हणाली. “उद्याही त्यांनाच पाठवा. धडा अर्धा झालाय.”

बाईंनी पाठवलं. सलग चार दिवस समजून उमजून तेच नाव लिहिलं. स्टाफरूममध्ये चकार शब्द काढला नाही. मुलांच्या वह्या मात्र रोज तपासल्या. एकेक गणित अचूक होतं.

शनिवारी शिपाईमामा चिठ्ठी परत घेऊन आले. “बाई, ही दारावरच होती. मागं काहीतरी लिहिलंय बघा.”

मागे खडूने लिहिलं होतं, ‘यांचा धडा संपला. त्या वर्षीच्या दहावी क चा राहिलाय. अजून एक तास हवा.’

अक्षर कंपास सरांचंच होतं. ती मुलं कधीच पांगली होती. कुणी नोकरीला लागलं होतं, कुणी संसाराला. एवढ्या मुलांना आणायचं कुठून? पण या खेपेला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, ‘रविवार, पाचवा तास’, आणि डोळे पुसत स्वतःच जाऊन दाराला टोचली.

सोमवारी संध्याकाळी त्या डोकेदुखीची गोळी घ्यायला औषधाच्या दुकानात गेल्या. काउंटरवर त्या वर्षीचीच एक विद्यार्थिनी काम करायची. आज ती गोळी द्यायचं विसरून बाईंकडे नुसती बघत राहिली. तिच्या बोटांची टोकं खडूने पांढरी होती.

“कालपासून धुतेय, जातच नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “बाई, काल दुपारी मी इथेच बसले होते. डोळा लागला असेल. पण... धडा पूर्ण झाला आमचा.”

बाईंना एकदम भरून आलं. “किती जण होतात गं?”

“सगळे. एकोणचाळीस. सरांनी हजेरी घेतली ना. खिडकीजवळ बसायचा तो, गेल्या वर्षी नदीत बुडाला... आठवतो ना तुम्हाला? त्याचंही नाव घेतलं सरांनी.”

“मग?”

“हजर म्हणाला, बाई. माझ्या मागच्याच बाकावरून.”